न हरवलेल्या वस्तू

आमच्या गावात प्रामाणिकपणाची साथ आली तेव्हा मी तिसरीत होते. गोवराची येते तशीच ती आली. आधी एका पोराला लागली, मग एका बस्करपट्टीवरून दुसऱ्या बस्करपट्टीवर गेली, आणि पंधरा दिवसांत शाळेतली सगळी पोरं तिच्यात सापडली. मोठ्या माणसांना ती लागली नाही. पण त्रास झाला तो त्यांनाच. कुणाची चप्पल जागेवर राहीना, कुणाचं पातेलं चुलीवर राहीना. त्या दिवसांत आमच्या गावच्या बायका अंघोळीला जाताना कपडेसुद्धा नजरेसमोर ठेवून जात.

गाव आमचं जयगडच्या खाडीला लागून. आज तिथून बंदराचे दिवे दिसतात, मोठमोठी जहाजं दिसतात, आणि माझा भाचा त्याच बंदरात क्रेन चालवतो. तेव्हा यातलं काही नव्हतं. खाडीत होड्या, वर कातळ, कातळाच्या पायथ्याशी चिऱ्याच्या भिंतींची पाच-पन्नास घरं, आणि आमच्या घराच्या दगडी कुंपणाला, गडग्याला, गडगा लावून असलेली चौथीपर्यंतची शाळा. शाळा इतकी जवळ, की पाढे सुरू झाले की माझी मा तांदूळ निवडता निवडता त्या ठेक्यावर मान हलवायची. पाढे तिला येत नव्हते. ती शाळेत कधी गेलीच नव्हती. बाबा मालवाहू जहाजावर होते. दीड-दोन वर्षांनी घरी यायचे, महिनाभर झोपून काढायचे आणि परत जायचे. घरात मा, मी, आणि बाबांची धाकटी बहीण, माझी झुलेखाफुफू. शेजारच्या घरात इस्माईलचाचा, बाबांचे मोठे भाऊ. होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचे, आणि बाबा नसताना घरातल्या मोठ्या गोष्टी त्यांना विचारून होत.

फुफू तेव्हा तेवीस-चोवीस वर्षांची होती आणि तिचं लग्न ठरत नव्हतं. दिसायला देखणी, हातात शिवणकाम, तिच्या हातच्या सांदणांना तर अख्ख्या मोहल्ल्यात तोड नव्हती. तांदळाचा रवा रात्री नारळाच्या पाण्यात भिजवून, सकाळी वाट्यांत उकडलेली ती पांढरीशुभ्र सांदणं मी अजून जिभेवर आठवू शकते. अडचण होती ती तिच्या हसण्याची. फुफू हसायला लागली की आधी नुसता श्वास ऐकू यायचा, मग दोन-तीन आचके, आणि मग एकदम, इंजिन सुरू झाल्यासारखा आवाज. खाडीच्या पलीकडे जाळी विणणारी माणसं मान वर करून बघायची. तीन स्थळं त्या हसण्यानं परत गेली होती. तिसऱ्या वेळी तर मुलाच्या मावशीच्या हातातली बशीच खाली पडली, आणि ती पडली म्हणून फुफू आणखी हसली.

आता साथीबद्दल. आमच्या शाळेत सकपाळ गुरुजी नवीन आले होते. वय जेमतेम बावीस, संगमेश्वराकडचे. अंगानं काडी, डोक्याला भरपूर तेल, हातात कायम छत्री. शाळेमागच्या खोलीत एकटेच राहायचे आणि स्वतःच भात शिजवून खायचे. चारही इयत्तांना तेच एक गुरुजी. कुठल्याशा प्रशिक्षणाला जाऊन आले आणि येताना एक कल्पना घेऊन आले. चहाचा रिकामा खोका आणला, त्यावर पांढऱ्या रंगानं ‘सापडलेल्या वस्तू’ असं लिहिलं, आणि आम्हाला उभं करून म्हणाले, “मुलांनो, वाटेत कुणाची वस्तू सापडली तर काय करायचं?”

“घरी न्यायची,” शेवंती म्हणाली. शेवंती खारव्यांची, मासेमाऱ्यांच्या घरातली, माझ्याच वर्गातली, आणि उत्तर द्यायला नेहमी पहिली.

“नाही. ती या पेटीत आणून टाकायची. आणून देणाऱ्याचं नाव दिवसभर फळ्यावर राहील.” मग त्यांनी फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात चौकोन आखला आणि आत वळणदार अक्षरात लिहिलं, ‘आजचा प्रामाणिक’.

त्या चौकोनानं सगळा घोटाळा केला. आमच्यापैकी कुणाचंही नाव तोवर हजेरीपत्रकाशिवाय कुठं लिहिलेलं आम्ही पाहिलं नव्हतं. ते नाव तिथं वर, सगळ्यांना दिसेल असं, संध्याकाळपर्यंत! शिवाय दोन नियम होते. आणणाऱ्यानं वस्तूचं वर्णन एका वहीत स्वतःच्या हातानं लिहायचं. वाचून कुणालाही वस्तू ओळखू येईल इतकं नीट. आणि मालकानं ती वस्तू न बघता तिच्या खुणा सांगायच्या. वहीशी जुळल्या तरच वस्तू मिळेल. गुरुजी नियमाचे इतके पक्के, की त्यांची स्वतःची छत्री कुणीतरी पेटीत आणून टाकली तेव्हा त्यांनी आमच्यासमोर उभं राहून खुणा सांगितल्या. काळी, बाकदार मूठ, दहा काड्या. वहीत लिहिलं होतं, ‘आठ काड्या. एक वाकडी.’ गुरुजींनी डोळे मिटून बराच विचार केला आणि छत्री पेटीतच ठेवली. त्या दिवशी ते भिजत टपालपेटीपर्यंत जाऊन आले. दुसऱ्या दिवशी शिंकत शिंकत म्हणाले, “नियम म्हणजे नियम.”

पहिला आठवडा खऱ्या हरवलेल्या वस्तूंचा गेला. एक बटण, एक कानातलं, होडीवरून पडलेली दोरी. पण पाचशे माणसांच्या गावात माणसं हरवून हरवून किती वस्तू हरवणार? दुसऱ्या आठवड्यात सापडण्यासारखं काही उरलं नाही आणि चौकोन रिकामा राहायला लागला. तेव्हा पोरांच्या लक्षात आलं, की वस्तूजवळ त्या क्षणी कुणी नसेल तर ती हरवलेली आहे असं म्हणायला काही हरकत नाही. शेवंतीनं किनाऱ्यावर उपड्या घातलेल्या होडीखालचं वल्हं आणलं. दुसऱ्या एकानं दोरीवर वाळत घातलेली लुंगी आणली. ती वाऱ्यानं हलत होती, म्हणजे उडून जाण्याच्या बेतात होती, असं त्याचं म्हणणं. वहीत मजकूर येत गेला तो असा: ‘एक चप्पल. डावी. वास येतो.’ ‘पातेलं. आत आमटी होती. ती सांडली.’ ‘कोंबडी. तपकिरी. चावते.’

पुढं मी तहसील कचेरीत कारकून झाले आणि तीस वर्षं पंचनाम्यांच्या नकला केल्या. साहेब नवीन मुलांना माझे कागद दाखवायचे, वर्णन कसं असावं ते पाहा म्हणून. मी कुठं शिकले ते त्यांना कधी सांगितलं नाही. कोंबडी चावते हे ज्यानं लिहिलं, त्याच्या हाताला खरंच रक्त आलं होतं, आणि शब्द किती लागतात नि किती लागत नाहीत, हे मला त्या तीन शब्दांनी जितकं शिकवलं तितकं नंतर कुणी शिकवलं नाही.

वस्तू शाळेत जायला लागल्या म्हणून माणसं शाळेत यायला लागली. त्याआधी गावातलं मोठं माणूस शाळेच्या अंगणात पाऊल टाकत नसे. गुरुजी आणि पोरं, त्यांचं ते बघतील. आता संध्याकाळी पाचला रांग लागायची. शिव्या देत यायची माणसं, पण रांगेत उभं राहिलं की बघणार कुठं? वर बघायची. वल्ह्याचा मालक कौलं बघून म्हणाला, “गुरुजी, हा कोना गळत असणार,” आणि वर चढून चार कौलं सारखी करून खाली आला. पातेलंवाल्या बाईनं आमची कविता ऐकली आणि चाल चुकीची आहे म्हणून स्वतः म्हणून दाखवली. लुंगीवाले आजोबा तर खुणा मुद्दाम चुकवायचे असा मला संशय आहे, कारण त्यांना रोज यायचं असायचं. ते पोरांना गाठी शिकवायचे, आणि चौथीच्या पोरांना नऊ प्रकारच्या गाठी मारता यायला लागल्या.

माझं नाव मात्र त्या चौकोनात एकदाही आलं नव्हतं. प्रयत्न मी खूप केले. एक नारळ नेला, तर गुरुजी म्हणाले, “मरियम, झाडाखालचा नारळ हरवलेला नसतो, पडलेला असतो.” एक खेकडा नेला, तर त्याच्या मालकाचा प्रश्न आला. मग एक शेळी ओढत नेली.

“कुठं सापडली?”

“खुंट्याजवळ, गुरुजी.”

“बांधलेली होती?”

“होय गुरुजी. पण जवळ कुणी नव्हतं.”

गुरुजींनी शेळी परत पाठवली. वर्ग हसला आणि शेवंती सगळ्यांत जास्त हसली. तिचं नाव तोवर चार वेळा लागलं होतं. मला रात्री झोपेतसुद्धा तो चौकोन दिसायचा, आणि त्यात शेवंती.

अशात फुफूला चौथं स्थळ आलं. हर्णेचे हुसेनमियां, त्यांचा मुलगा याकूब कुवेतला. मुलगा येणार नव्हता, त्याचा फोटो येणार होता. हुसेनमियां आणि त्यांची बायको गुरुवारी दुपारी जेवायला येणार, बोलणी करणार आणि चारच्या एसटीनं परत जाणार. नंतर गाडी थेट दुसऱ्या दिवशी सकाळी. घरात तीन दिवस तयारी चालली. मानं खाडीतल्या शिंपल्या, तिसऱ्या, मागवल्या, कोंबडी आणली, नारळाच्या दुधातला भात, सांदणं, वर शेवयांचा शिरा. फुफूला समोर बसवून म्हणाली, “झुलेखा, तुला हात जोडते. पाहुणे काय पण बोलूदेत, खाली पडूदेत, तू हसायचं नाय. हसू आलं तर मागल्या दारी जा.” फुफूनं गंभीरपणे मान हलवली, आणि तोंडावर ओढणी धरून लगेच मागल्या दारी गेली.

मला ताकीद होती, की मधल्या सुट्टीत मागल्या दारानं यायचं, स्वयंपाकघरात जेवायचं, आणि पुढं तोंड दाखवायचं नाही. मी तशीच आले. भिंतीपलीकडून हुसेनमियांचा आवाज येत होता. जाड, खर्जातला, वाऱ्यावर बोलायची सवय असलेला. ते पायातल्या बुटांबद्दल सांगत होते. “लेकानं खास पाठवले. कुवेतमधनं. असं कातडं आपल्याकडं मिळत नाय. मी म्हटलं, अरे मला कशाला? तर म्हणतो, अब्बा, तुम्हीच घालायचे.” इस्माईलचाचा “वा, वा” करत होते. मी हात धुतले, आणि शाळेकडे वळताना पुढची पायरी बघितली.

बूट पायरीवर होते. तपकिरी, चकचकीत, आमच्या सगळ्यांच्या रबरी चपलांच्या मधे दोन साहेब बसावेत तसे. जवळ कुणी नव्हतं. मी दोनदा आजूबाजूला बघितलं. माझ्या मनात चोरीचा विचार आला नाही, हे मी आज साठी ओलांडल्यावरही शपथेवर सांगेन. माझ्या मनात फक्त हे आलं, की शेवंतीनं आजवर एवढी मोठी वस्तू आणलेली नाही.

गुरुजी पहिलीला अक्षरं गिरवायला देऊन चौथीला भूगोल शिकवत होते. मी म्हटलं, “आमच्या घराजवळ सापडले.” हे खरंच होतं. ते म्हणाले, “लिही.” मी पाऊण तास लिहीत बसले. इतकं मन लावून मी तोवर काही लिहिलं नव्हतं. ‘बूट दोन. रंग सांदणावर गूळ घातल्यासारखा. उजव्याची नाडी गाठ मारून जोडली आहे. आत पुढे कागद कोंबला आहे. कागद मराठी आहे. आत टाचेपाशी खिळ्याने र कोरला आहे.’ गुरुजींनी वाचलं, ‘कोंबला’ या शब्दाखाली कौतुकानं रेघ मारली, आणि चौकोनात माझं नाव लिहिलं. मरियम. एक वेलांटी सोडली तर कुठं काना नाही की मात्रा नाही, किती सरळ नाव आहे माझं, असं मला तेव्हा वाटलं.

ते सुख मला तासभर मिळालं. साडेतीनला आमच्या अंगणातून इस्माईलचाचांची हाक आली आणि पाठोपाठ माचा आवाज. गावात एखादी वस्तू दिसेनाशी झाली की कुठं जायचं हे एव्हाना सगळ्यांना पाठ झालं होतं. पाचच मिनिटांत चाचा, मा, हुसेनमियां आणि त्यांची बायको शाळेच्या दारात. हुसेनमियां इस्त्रीच्या सदऱ्यात आणि मोज्यांत. त्यांच्या मागे एसटीचा कंडक्टर, कारण त्याचं तिकिटं टोचायचं यंत्र दुपारपासून सापडत नव्हतं आणि गाडी फाट्यावर उभी होती. कंडक्टरच्या मागे गाडीतले अर्धे उतारू, काय चाललंय ते बघायला. गाडीची काळजी त्यामुळं मिटली. काळजी उरली ती बुटांची.

“गुरुजी,” चाचा हळू आवाजात म्हणाले, “पाहुणे आहेत. बूट देऊन टाका.”

“देतो की. खुणा सांगा.”

“गुरुजी, सोयरिकीची माणसं आहेत!”

“चाचा, पाहुण्यांना नियम वेगळा लावला तर ही पोरं काय शिकतील? माझी छत्री अजून आत आहे.”

मी शेवंतीच्या मागे सरकले. चौकोनात माझं नाव होतं आणि मा त्या चौकोनाकडे बघत होती. तिला वाचता येत नव्हतं, पण माझ्या तोंडावर जे लिहिलं होतं ते तिला येत होतं.

हुसेनमियां पुढं आले. “खुणा काय सांगायच्या? तपकिरी आहेत. कातडी. लेकानं कुवेतमधनं पाठवलेले.”

गुरुजींनी वही उघडली. “तपकिरी, बरोबर. आत काही आहे?”

“आत? आत माझे पाय.”

“पायांच्या पुढे?”

हुसेनमियांनी बायकोकडे बघितलं. बायकोनं छताकडे बघितलं. “कागद,” ते म्हणाले. “कंपनीचा असतो. नव्या बुटात.”

“कुठल्या भाषेतला?”

“अरबी.”

गुरुजींनी मान खाली घालून वहीत बोट फिरवलं. त्यांना फार वाईट वाटत होतं, हे दिसत होतं. “टाचेपाशी एक अक्षर आहे. कुठलं?”

“ह,” हुसेनमियां जोरात म्हणाले. “हुसेनचा ह.”

“नाही.”

“मग... य असेल. याकूबचा.”

“नाही.”

“मग कंपनीचं नाव असेल!”

“खिळ्यानं कोरलंय,” गुरुजी अगदी हळू म्हणाले, “आणि मराठीत आहे.”

कंडक्टरसुद्धा घड्याळ बघायचं विसरला. हुसेनमियांचा चेहरा आधी तांबडा झाला, मग उतरला. त्यांची बायको पुढं झाली आणि त्यांच्या बाहीला धरून म्हणाली, “सांगून टाका आता. किती येळ मोज्यावर उभं राहणार?”

“र,” हुसेनमियां म्हणाले. “रमजानचा र. शेजारी आहे आमचा. त्याचे आहेत. त्याचा पाय मोठा, म्हणून कागद.” मग त्यांनी चाचांकडे वळून, पण सगळ्यांनाच सांगितलं, “माझ्याकडं बूट नाय, भाऊ. सगळा जन्म बोटीवर गेला, तिथं कोण बूट घालतो? लेकानं काय पाठवलं नाय, त्याचं तिथं त्यालाच भागत नाय अजून. पण मोठ्या घरची मुलगी बघायला जायचं, तर पायात काय तरी पाहिजे, म्हणून...”

चाचा आपल्या रबरी चपलांकडे बघायला लागले. आणि तेवढ्यात गडग्याच्या पलीकडून आधी एक श्वास ऐकू आला. मग दोन आचके. मानं डोळे मिटून घेतले. मग इंजिन सुरू झालं. फुफू गडग्याआड बसून सगळं ऐकत होती आणि मोठ्या घरची मुलगी हे शब्द ऐकून तिचा बांध फुटला होता, कारण आदल्या दिवशी तिनंच शेजारणीकडून बशा मागून आणल्या होत्या. पोरं हसायला लागली. उतारू हसायला लागले. हुसेनमियांच्या बायकोनं तोंडाला पदर लावला, आणि शेवटी हुसेनमियांच्या पोटातूनही काहीतरी गडगडत वर आलं.

“खूण पटली,” असं म्हणून गुरुजींनी बूट त्यांच्या हातात दिले. मग फळ्याकडे गेले, चौकोनातलं माझं नाव पुसलं, आणि लिहिलं, ‘हुसेनमियां, हर्णे’. “काय लिहिलं?” हुसेनमियांनी विचारलं, कारण वाचता त्यांनाही येत नव्हतं. गुरुजींनी मला वाचायला सांगितलं. मी वाचलं, ‘आजचा प्रामाणिक, हुसेनमियां, हर्णे’, आणि त्या म्हाताऱ्या माणसानं बूट छातीशी धरून फळ्याकडे असं बघितलं, की मला एकदम रडू फुटलं.

“गुरुजी, बूट हरवले नव्हते,” मी म्हटलं. “पायरीवर होते.”

माझं रडणं बघून शेवंती उठली. “गुरुजी, वल्हं पण होडीखालीच होतं.”

“लुंगी दोरीवर होती, गुरुजी.”

“पातेलं चुलीवर होतं.”

“मशीन कंडक्टरच्या पिशवीत होतं,” दुसरीतला एक जण म्हणाला, आणि कंडक्टरनं कपाळाला हात लावला.

गुरुजी खाली बसले; खुर्चीवर नाही, त्या खोक्यावर. “म्हणजे यातलं काहीच हरवलेलं नव्हतं?”

“छत्री हरवली होती, गुरुजी,” चौथीतला एक मुलगा त्यांना धीर द्यायला म्हणाला.

शेवंतीनं मान हलवली. “नाय. ती पण खुंटीवर होती.”

पाहुणे चारच्या गाडीनं साडेचारला गेले. जाण्याआधी हुसेनमियांनी माला विचारलं, “मघाशी हसली ती कोण?” “माझी... नणंद.” “तीच ना, मुलगी?” “तीच.” हुसेनमियां म्हणाले, “बरं आहे. आमच्या घरात आवाज नाय. पोरगा गेल्यापासनं तर अजिबात नाय. ही असली तर मला बोटीवर ऐकू येईल.” अशी माझ्या फुफूची सोयरीक ठरली, आणि आज तिच्या नातवंडांपैकी दोघांचं हसणं तंतोतंत तसं आहे. मोबाइलवर त्यांचा फोन आला, की मी तो कानापासून वीतभर लांब धरते.

पण घरी आल्यावर मानं मला समोर उभं केलं. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. “चांगलं शिकायला पाठवलं, आणि पाहुण्यांचे बूट उचलायला शिकलीस. उद्यापासनं शाळा नाय.” फुफू मधे पडली, चाचा मधे पडले, पण माचं ठरलं की ठरलं. शुक्रवारी मी तिसऱ्या निवडल्या. शनिवारी तांदूळ पाखडले. गडग्यापलीकडे पाढे चालले होते, आणि सातच्या पाढ्यात सगळी पोरं नेहमीच्या जागी चुकत होती. मी चुलीपाशी बसून मनात म्हणत होते, एकोणपन्नास, एकोणपन्नास. मोठ्यानं म्हणायची माझी हिंमत नव्हती. मा माझ्याकडे बघत होती आणि मी बघितलं की मान फिरवत होती.

शनिवारी दुपारी गुरुजी आले. डोक्यावर तो खोका, मागं सगळी शाळा. ते घरोघर जाऊन उरलेल्या वस्तू परत करत होते. खुणा न विचारता. आमच्याकडे त्यांना काही द्यायचं नव्हतं. खोका अंगणात ठेवून ते पायरीशी उभे राहिले. “भाभी, चूक पोरीची नाही, माझी आहे. वस्तू आणून टाकली की नाव लावीन म्हटलं, तर पोरांनी वस्तू आणल्या. त्यांना खरं बोलणं काय असतं ते त्या हर्णेच्या माणसानं शिकवलं, मी नाही. पण तुमची पोरगी सगळ्यांत आधी बोलली. तिला घरी ठेवू नका.”

मा वळली. आत गेली आणि त्यांच्यासाठी चहा आणि दोन सांदणं घेऊन आली. गुरुजींनी पायरीवर बसून खाल्ली. दुसऱ्या सांदणाचा घास तोंडात असताना त्यांचे डोळे भरून आले. किती दिवसांनी दुसऱ्याच्या हातचं खात होते कोण जाणे. मा तेवढंच म्हणाली, “भात जळतो तुमचा. रोज वास येतो. पाणी जास्त घाला.” माझ्या शाळेबद्दल एक अक्षर नाही.

आता माझ्या नातीच्या शाळेत, इथं रत्नागिरीत, पालकांना महिन्यातून एकदा बोलावतात. आधी मोबाइलवर निरोप येतो, मग आठवण येते, मग न येणाऱ्यांची यादी येते. मी सुनेबरोबर जाते, खुर्चीवर बसते, पडद्यावर चित्रं बघते. सगळं छान असतं. तरी मला तो सोमवार आठवतो.

सोमवारी सकाळी मानं माझी वेणी घातली, इतकी घट्ट की भुवया वर ओढल्या गेल्या. मग स्वतःची ओढणी सारखी केली, माझा हात धरला आणि निघाली. गडगा ओलांडला की शाळा. पण ती गडग्यावरून गेली नाही, वाटेनं वळसा घालून पुढच्या दारानं गेली. गुरुजी हजेरी घेत होते. माला दारात बघून त्यांच्या हातातला खडू खाली पडला. “भाभी, आता काय हरवलं?”

“काय नाय हरवलं,” मा म्हणाली. “पोरगी काय शिकते ते बघायला आले.”

सगळी शाळा मान वळवून बघायला लागली. आजवर जो आला तो काहीतरी न्यायला आला होता. गुरुजींनी घाईनं आपली खुर्ची पुसली आणि पुढं केली. मानं ती बघितलीसुद्धा नाही. ती आली आणि तिसरीच्या बस्करपट्टीवर, माझ्याशेजारी, मांडी घालून बसली. शेवंतीनं सरकून तिला जागा दिली. गुरुजींनी हजेरी पुन्हा पहिल्यापासून सुरू केली. शेवटचं नाव झालं तरी त्यांनी पत्रक मिटलं नाही. ते थोडे घुटमळले आणि म्हणाले, “भाभी, तुमचं नाव काय?”

गावात तिला कुणी नावानं हाक मारत नसे. ती कुणाची भाभी होती, कुणाची खाला, माझी मा. तिनं आधी माझ्याकडे बघितलं, आपण सांगावं की नाही अशा नजरेनं, आणि म्हणाली, “खदिजा.”

गुरुजींनी ते पत्रकाच्या तळाशी पेन्सिलीनं लिहिलं आणि मोठ्यानं पुकारलं, “खदिजा.”

मी तिच्या कानाशी लागून सांगितलं, की आता हजर म्हणायचं असतं.

“हजर,” मा म्हणाली, इतक्या मोठ्यांदा, की गडग्यापलीकडे फुफूचं शिवणाचं मशीन थांबलं.